एकाच पोटच्या दोघी

रमजानात लोकांकडे थुंकी मागायची हा शुद्ध मूर्खपणा, आणि तो मी केला. तपासणीचं यंत्र आमच्या इस्पितळात आलं तेच शाबान संपता संपता, रमजानच्या तोंडावर. ईद होऊ द्या, मग सुरू करा, असं प्रयोगशाळेवाले सांगत होते. पण दोन वर्षं अर्ज करकरून मी ते यंत्र मिळवलं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी माझी गत झाली होती.

मी इख्लास. अम्मानच्या उत्तरेला, इर्बिदच्या सरकारी इस्पितळात बावीस वर्षं औषध विभागात आहे. त्या वर्षी जिल्ह्यातल्या बारा फार्मासिस्टांना मी नवं काम शिकवत होते: औषध देण्याआधी माणसाची जनुकं तपासायची आणि अहवाल पाहून डोस ठरवायचा. एकाला तारणारी गोळी दुसऱ्याला मारते ती का, आणि मारण्याआधी ते ओळखायचं कसं, एवढंच खरं तर शिकवायचं होतं. दुपारच्या वर्गात उपाशीपोटी बाराही जण पेंगायचे. त्यातल्या त्यात बुर्हान जागा असायचा. अजलूनच्या रस्त्यावर एका गावात त्याचं औषधाचं दुकान होतं. तिशीचा, किडकिडीत, आणि प्रत्येक वाक्याला फाटे फोडणारा. असा एखादा विद्यार्थी वर्गात असावा असं मी म्हणायचे. तोंडानं म्हणायचे, मनातून मला तो नकोसा व्हायचा.

रनीम त्याच्याच गावची. तेवीस वर्षांची, बालवाडीत शिकवायची. दोन वर्षं तिची आतडी आतून सुजत होती आणि वजन उतरत चाललं होतं. पोटाच्या डॉक्टर नायिफनी तिला अझाथायोप्रिन लिहून दिलं. औषध चांगलं आहे. पण तीनशेत एखाद्याच्या शरीराला ते पचवून निकामी करताच येत नाही. मग ते साठत जातं आणि रक्त तयार करणारी हाडांतली मज्जा सुकवून टाकतं. तो एखादा कोण, हे जनुकांत आधीच लिहिलेलं असतं. वर्गाला दाखवायला याहून चांगलं उदाहरण कुठलं मिळणार? मी रनीमला निवडलं.

ती आईबरोबर आली. आई म्हणजे उम्म राकान, राकानची आई म्हणून सगळे तिला तसंच म्हणत; रुंद हाडाची, मोठ्या आवाजाची बाई. मी नळी पुढे केली.

"दोन मिली?" रनीम हसायलाच लागली. "अहो दुक्तोरा, पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही पोटात. जीभ टाळूला चिकटलीय माझी. थुंकी काय उसनी आणू?"

"आणि ह्या सगळ्या बाप्यांसमोर पोरगी थुंकणार होय?" उम्म राकान म्हणाली. "ईदनंतर तिला मागणी घालायला माणसं यायचीत. दुक्तोरा, जरा तरी विचार करा!"

मी विचार केला, आणि नळी तिच्या पिशवीत घातली. रोजा सोडून जेवण झाल्यावर अर्धा तास थांबायचं, तोवर आणखी काही खायचं-प्यायचं नाही, मग रेघेपर्यंत थुंकी भरायची आणि उद्या आणून द्यायची. त्या दिवसापासून सगळ्यांनाच मी नळ्या घरी देऊ लागले.

बुर्हाननं वर्गात हात वर केला. "दुक्तोरा, नळीवर नाव आपण लिहितो. पण आत थुंकतंय कोण, ते आपण बघतच नाही."

"मग काय करू? मगरिबला, रोजा सोडायच्या वेळी, त्यांच्या घरी जाऊन बसू? त्यांचा शोरबा पिऊ?"

वर्ग हसला.

"नमुना डोळ्यांसमोर घ्यायचा, हे पहिल्याच दिवशी तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं."

"माझं डोकं खाऊ नकोस बुर्हान, रोजा मोडेल तुझा."

वर्ग आणखी हसला. हशा मिळाला की मास्तरला आपण जिंकलो असं वाटतं. मलाही वाटलं.

अहवाल स्वच्छ आला. मी तो भिंतीवर मोठा करून दाखवला. बघा म्हटलं, ही मुलगी बिनधास्त पूर्ण डोस घेऊ शकते. आधी आपण चाचपडत थोडं थोडं द्यायचो, तोवर आतडी आणखी खराब व्हायची. आता चाचपडायला नको. पुढे मी जे केलं ते मात्र कुठल्याही पुस्तकात नाही. जनुकं कशीही असोत, पहिले दोन महिने दर आठवड्याला रक्त तपासायचंच, असा नियम आहे, आणि तोही मीच शिकवत होते. पण उम्म राकान म्हणाली, "दर आठवड्याला दोन बस बदलून, तीही रोज्यात? पोरगी मरेल." मी म्हटलं, "महिन्यानं आणा, खाला. कागद स्वच्छ आहे." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून दुवा दिली.

ईद झाली. महिन्याची तपासणी नेमकी मागणीच्या आठवड्यात येत होती. उम्म राकानचा फोन आला, "आठ दिवस पुढे ढकललं तर चालेल?" चालेल, म्हणाले. मागणीला चाळीस माणसं आली. फातिहा वाचून सगळं ठरलं. मला मामूलचा, खजूर भरलेल्या ईदच्या बिस्किटांचा, डबा आला. रनीमचं वजन दोन किलो वाढल्याचं तिनं स्वतः फोनवर सांगितलं. मी ते वर्गात सांगितलं, बुर्हानकडे बघून सांगितलं.

पुढच्या गुरुवारी दुपारी बुर्हानचा फोन आला.

"रनीम आत्ता दुकानात येऊन गेली. तोंड आतून सोललंय, घसा लाल आहे, ताप आहे. गोळी थांबवू का?"

"गोळीचा काय संबंध? तिचा अहवाल तूही पाहिलायस."

"अहवाल पाहिलाय. आज तिचं तोंडही पाहिलं."

"पाहुणे, दगदग, गोडधोड. तोंड येतं माणसाला. गोळी मध्येच सोडली तर आतडी पुन्हा पेटतील आणि सगळे मुसळ केरात. उद्या-परवा सुट्टी. रविवारी पाठव, रक्त बघू."

"शुक्रवारीही बघतात की इस्पितळात."

"अपघातवाल्यांचं बघतात, बुर्हान. तोंड आलेल्यांचं नाही."

तो गप्प झाला. मी त्याची शिक्षिका होते, परीक्षा माझ्या हातात होती, आणि त्याला दुकानात गिऱ्हाइकं असतील. त्या गप्प बसण्याबद्दल तो अजून स्वतःला माफ करत नाही. मी त्याला सांगते, तुझा काही दोष नाही. माझ्या सांगण्याला आता किंमत किती, ते त्यालाही माहीत आहे.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दिवस तिनं पूर्ण गोळी घेतली, कारण मी घे म्हणाले.

रविवारी बापानं तिला गाडीत आडवी घालून आणली. डॉक्टर नायिफनी मला वर बोलावलं आणि रक्ताचा कागद पुढे सरकवला. पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. "इख्लास, तुझा अहवाल तर स्वच्छ होता ना?" त्यांनी रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि मलाही नव्हतं. गोळी बंद झाली, मोठी प्रतिजैविकं सुरू झाली, तिला वेगळ्या खोलीत ठेवलं.

मी अहवाल हातात घेऊन बाहेर आले. उम्म राकान भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, हातात तसबीह. मी तिच्याजवळ बसले. माझ्या मनात एवढंच होतं, की थुंकीत अन्न गेलं असेल, नमुना बिघडला असेल.

"खाला, त्या संध्याकाळी रनीम खाल्ल्यावर अर्धा तास थांबली होती ना?"

तिनं दोन्हीकडे पाहिलं. माझी बाही धरून मला जवळ ओढलं.

"कुणाला सांगू नकोस हं, पोरी. ती थुंकी सफाची होती."

सफा म्हणजे रनीमची थोरली बहीण. लग्न होऊन चार वर्षं झालेली.

"का, खाला?"

"का म्हणून काय विचारतेस? तुमच्या प्रयोगशाळेत नळ्या घेतो तो पोरगा कोण? नवऱ्या मुलाचा चुलतभाऊ. नळीवर माझ्या पोरीचं नाव. वंशाची तपासणी ती! काही वाकडं निघालं असतं तर संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरी. मग कोण येतंय मागणी घालायला? सफाचं लग्नाआधीचं रक्त स्वच्छ निघालेलं, दोन पोरं कशी ठणठणीत. म्हटलं, हिचीच देऊ. एकाच पोटच्या दोघी. खाण तशी माती. थुंकी हिची काय नि तिची काय!"

आमच्याकडे वंशाची तपासणी म्हटलं की लोकांना एकच ठाऊक, लग्नाआधीची, जिच्यावर सोयरिका मोडतात ती. ही तपासणी त्यातली नाही, हिच्यात कसला कलंक नाही, हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. फार्मासिस्टांना मी चाळीस तास शिकवलं. ज्या बाईच्या पिशवीत नळी घातली, तिला दोन मिनिटं दिली नाहीत.

"त्यानं काही बिघडलं नाही ना?" तिनं विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"नाही, खाला," मी म्हणाले.

ती म्हणाली, "अल्हम्दुलिल्ला," आणि पुन्हा मणी ओढू लागली.

त्या दिवशी रनीमचं रक्त मी स्वतः काढलं, डोळ्यांसमोर. तोंडावर पट्टी बांधून आत गेले तेव्हा ती जागी होती. ओठ फुटले होते, बोलताना त्रास होत होता, तरी बोलली.

"पुन्हा तपासताय?"

"हो."

"म्हणजे ते त्यामुळेच झालं." ती मूर्ख नव्हती. "मी म्हटलं होतं आईला, नको म्हणून. सफानं तर थुंकताना हसून हसून अर्धी बाहेर सांडली. आम्हाला गंमत वाटत होती, दुक्तोरा."

"बोलू नकोस, ओठ दुखतील."

"आईला सांगू नका."

"तू बरी हो आणि तूच भांड तिच्याशी."

"बरी होईनच. पण नाही झाले तर सांगू नका. ती जगणार नाही. शपथ घ्या."

मी अल्लाची शपथ घेतली. मरणाऱ्या पोरीला आणखी काय द्यायचं? माझ्याकडे शपथेशिवाय काही उरलंही नव्हतं.

अहवाल चौथ्या दिवशी आला. आईकडून एक बिघडलेली प्रत, बापाकडून एक. तिचे आईबाप सख्खे चुलत. प्रत्येक मुलात चारात एकदा असं व्हायचं. सफाच्या वाट्याला चांगलं आलं, रनीमच्या वाट्याला हे. पोट एक असलं तरी वाटणी वेगळी असते, हे मी फळ्यावर कितीदा काढलं असेल. शितावरून भाताची परीक्षा होते, बहिणीवरून बहिणीची होत नाही.

नवव्या दिवशी, सोमवारी दुपारी, ती गेली. असरच्या नमाजाआधी दफनही झालं.

दुसऱ्याच दिवशी चौकशीच्या कागदावर मी लिहिलं: नमुना माझ्या देखरेखीखाली घेतला नाही, नळी घरी दिली, आठवड्याची रक्ततपासणी मी टाळली, गुरुवारी गोळी मी थांबवू दिली नाही. सगळं खरं होतं. नळीत कोणाची थुंकी होती ते मला ठाऊक नाही, असंही लिहिलं. तेवढं खोटं. साहेबांनी कागद वाचला आणि वर्ग बंद केला. यंत्रावर कापड घातलं. एका शिकाऊ बाईनं मला विचारलं, "म्हणजे ही तपासणी बेभरवशाचीच का हो?" गावोगाव तेच बोललं जात होतं, की मशीननं स्वच्छ सांगितलं आणि पोरगी मेली.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी शोकाला गेले. आदले दोन दिवस जाववलं नव्हतं. बुर्हाननं गाडीतून नेलं. तो पुरुषांच्या मांडवात गेला, मी बायकांत. खोलीभर काळे कपडे. उम्म राकान कोपऱ्यातल्या गादीवर बसली होती. मला पाहताच तिनं हात पसरले आणि मला शेजारी बसवून घेतलं. सगळ्यांदेखत म्हणाली, "हिनं माझ्या पोरीसाठी जिवाचं रान केलं." माझ्याच्यानं मान वर करवेना. सफा समोर बसली होती, मांडीवर धाकटा. ती माझ्याकडे बघत नव्हती.

थोड्या वेळानं शेजारची उम्म सुहैब माझ्याकडे सरकली. हिला मी ओळखत नव्हते. बारीक, चटपटीत बाई. माझ्या सुहैबलाही तसलंच दुखणं निघालंय, म्हणाली. अकबाला बंदरात कामाला आहे, तिथल्या डॉक्टरनं हीच गोळी लिहून दिलीय आणि आधी तपासणी करा म्हणतो. उद्या सकाळी अम्मानच्या खासगी प्रयोगशाळेत नळी द्यायचीय.

"पण त्याला सुट्टी कुठली मिळायला!" ती म्हणाली. "म्हटलं धाकट्याची देऊ. तो घरीच असतो नुसता लोळत. त्याची थुंकी तरी कामाला येईल."

दोघीतिघी बायका अशा प्रसंगीही गालात हसल्या.

"नको," मी म्हणाले. "तसं करू नका. बाहेर चला, मी समजावते."

"बाहेर कशाला? उम्म राकाननंच तर सांगितलं मला. एकाच पोटची असली की चालतं म्हणे."

उम्म राकाननं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "हो गं, चालतं. हिनंच सांगितलं मला इस्पितळात, काही बिघडत नाही म्हणून. सांग ना तिला, दुक्तोरा. बिचारी काळजीत आहे."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मला रनीमचे फुटलेले ओठ दिसत होते, घेतलेली शपथ आठवत होती. आणि अकबाला कुठेतरी क्रेनखाली उभा असलेला, मी कधी न पाहिलेला एक मुलगा होता. वाटलं, हो म्हणावं, बाहेर गेल्यावर हिला गाठावं आणि खरं काय ते कानात सांगावं. पण मी हो म्हटलेलं खोलीतल्या तीस बायका ऐकणार होत्या, आणि त्यातल्या प्रत्येकीच्या घरी कोणी ना कोणी आजारी होतं. एकदा तोंडातून गेलेलं खोटं कुठे कुठे जाऊन बसतं, ते मी आत्ताच पाहिलं होतं.

"नाही चालत," मी म्हणाले. "ज्याला गोळी घ्यायची, त्याचीच थुंकी लागते. सख्खा भाऊ चालत नाही. सख्खी बहीणही चालत नाही."

उम्म राकानचा हात माझ्या गुडघ्यावर तसाच होता.

"पण तू तर म्हणाली होतीस."

"खोटं बोलले होते, खाला."

सफानं तोंडात ओढणीचं टोक कोंबलं. मांडीवरचं पोर दचकून रडायला लागलं, आणि बराच वेळ कोणी त्याला उचललं नाही. उम्म राकान रडली नाही, ओरडली नाही. मी तिच्याकडून शिव्या खायला तयार होते. तिनं हात काढून घेतला आणि तो कुठे ठेवावा हे तिला कळेना.

मग ती वळली. "उम्म सुहैब, पोराला फोन लाव."

"लावते की घरी जाऊन..."

"आत्ता लाव. माझ्यासमोर लाव."

फोन लागला. पलीकडची बंदरातली घरघर खोलीभर ऐकू आली. आईनं कसंबसं सांगितलं. मुलगा वैतागला, रजा मिळत नाही म्हणाला, मग आईचा आवाज ऐकून घाबरला आणि म्हणाला, रात्रीच्या बसनं निघतो, उद्या मीच देतो. उम्म राकाननं त्याच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं.

"आता सगळ्या घरी जा," ती म्हणाली. "अल्ला तुमचं भलं करो. जा."

बायका उठल्या. चपला शोधण्याची गडबड झाली आणि मिटली. सफा दाराशी उभी राहिली, आत येईना, बाहेर जाईना. मीही उठायला लागले तशी उम्म राकाननं माझी बाही धरली, इस्पितळात धरली होती तशीच घट्ट.

"तू बस. नीट सांग मला. काय काय झालं ते सगळं सांग."

मी माझ्यापासून सुरुवात केली. नळी मी घरी दिली, दर आठवड्याचं रक्त मी टाळलं, बुर्हान सांगत असताना मी तीन दिवस...

"तुझं नको," ती म्हणाली. "माझं सांग."